चार लिंबं आणि एक हलगी

भूपाल मगदुमांना ही गाडी घेऊन काय काय मिळणार होतं, ते आधी मांडू. म्हणजे शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं, ते ताडून बघायला सोपं जाईल.

पहिला फायदा पद्माक्कांचा. मगदुमांच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी कोल्हापूरला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणायचं, याला दुसरा इलाज नव्हता. एक वार चुकला की पाय सुजायचे, दोन चुकले की श्वास पुरायचा नाही. गाडी दारात असली म्हणजे वार चुकणार नव्हता.

दुसरा फायदा खुद्द भूपालरावांचा, आणि मला विचाराल तर गाडी आली ती याच फायद्यासाठी. आजवर या फेऱ्या पद्माक्कांच्या धाकट्या भावाच्या, जिन्नाप्पा चौगुल्याच्या गाडीतून व्हायच्या. जिन्नाप्पा मनाने सोन्यासारखा. फक्त केलेला उपकार चारचौघांना कळल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. संकेश्वरच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबली की तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काय दाजी, गाडीत बसाय बरं वाटतंय न्हवं? आक्कासाठी म्हणून मुद्दाम मऊ गाद्या घातल्यात." आणि दाजी मागच्या सीटवर, मांडीवर जेवणाचा डबा, चेहऱ्यावर ताक प्यायल्यासारखं हसू.

तिसरा फायदा किरकोळ, पण मोजायला हवा. हेब्बाळवाडीतली ती पहिली ऐकणारी गाडी असणार होती.

ऐकणारी म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वीच्या गाड्यांत चाकातली हवा मोजायला प्रत्येक चाकात एक छोटं यंत्र असायचं. आपल्या रस्त्यांवर ते टिकत नसे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टायर ही एक प्रकारची हलगीच आहे. हवा भरपूर असली की रबर ताणलेलं राहतं आणि पळताना उंच सुरात घुमतं; हवा उतरली की सूरही उतरतो. म्हणजे हवा मोजायची गरज नाही, सूर ऐकला की झालं. आणि ऐकायला वेगळा कान कशाला? गाण्यांचे स्पीकर दारांत आहेतच. स्पीकरमध्ये वीज सोडली की पडदा हलतो आणि आवाज येतो. उलट, आवाजाने पडदा हलला की त्यातून वीज येते. तोंडाचाच कान होतो. गाणं वाजतावाजता गाडी क्षणभर गप्प बसते, चाकांचा सूर ऐकते आणि परत गाऊ लागते. माणसाला पत्ताही लागत नाही. कंपनीची चार यंत्रं वाचली, जाहिरातीत 'संवेदनशील' हा शब्द आला.

अडचण एकच. प्रत्येक गाडीचा सूर वेगळा. म्हणून नवी गाडी पहिली शंभरेक पावलं चालते तेव्हा जे ऐकते, तेच आपलं 'ठीक' म्हणून कायमचं मनात धरते. याला ओळखफेरी म्हणतात. ती पुसता येत नाही. आधी यायची, पण लोक घरीच इशारे बंद करायला लागले, चाकं फुटली, माणसं गेली आणि सरकारने ओळखीला कुलूप घातलं. किल्ली कंपनीकडे.

आता गाडी आली तो दिवस.

ट्रकवरून उतरवली, तेव्हा तिच्यासोबत कंपनीची एक मुलगी होती, गळ्यात पट्टा आणि हातात काचेची पाटी. ती म्हणाली, "पहिली फेरी सपाट रस्त्यावर आणि शांततेत घ्यायचीय हं काका. कुणी बोलायचं नाही, काही वाजवायचं नाही."

"शांततेत?" जिन्नाप्पा म्हणाला. "ताई, गाडी आलीया. मयत न्हवं."

गल्ली हसली. मुलीचा आवाज त्या हसण्यात बुडाला तो पुन्हा वर आलाच नाही. पद्माक्कांनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं. जिन्नाप्पाने चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, गावातून निवडून आणलेली, मोसंबीएवढी. आणि कुंडलिक आवळ्याने खिडकीला खेटून हलगी कडाडवली.

कुंडलिकबद्दल दोन शब्द. पंचक्रोशीतलं लग्न, कुस्ती, निवडणूक, काहीही त्याच्या हलगीशिवाय सुरू होत नसे. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. तो म्हणायचा, टिपरू बोलतंय आणि काडी हुंकार भरतीया. त्याच्या घरी एक म्हैसही होती. भूपालराव दूध संस्थेचे चिटणीस असताना त्या म्हशीच्या दुधाला कधीच बरं फॅट लागलं नाही. कुंडलिक चरवी पुढे करून म्हणायचा, "चिटणीस, म्हशीला सरकी घालतोय ओ, परत एकदा बगा." चिटणीस यंत्राकडे बोट करायचे. "मी काय करू? मशीन सांगतंय." तीस वर्षांची नोकरी त्यांनी या पाच शब्दांवर काढली होती, आणि त्यात त्यांची लबाडी नव्हती. त्यांचा खरोखरच विश्वास होता.

गाडी हलली. चारी लिंबं फचकन फुटली, पुढे फोडलेल्या नारळाच्या करवंट्या कुडकुडल्या, हलगी कानठळ्या बसवत शंभर पावलं सोबत चालली. गाडीतल्या समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'ओळख पूर्ण झाली. धन्यवाद.'

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने कपाळावर हात मारला, पण तिलाही पुढच्या गावी गाडी उतरवायची होती.

सोमवारी दोघं निघाले. गडहिंग्लज यायच्या आत गाडी शुद्ध मराठीत म्हणाली, "चारही चाकांत हवा कमी आहे. कृपया वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवा." आणि स्वतःच वेग बैलगाडीवर आणला. भूपालरावांनी पंक्चरवाल्याकडून हवा मापली. चोख. पुन्हा निघाले. पुन्हा तेच, आणि आता एक नवं. गाडी कान टवकारून सारखी चाकं ऐकायला लागल्यामुळे तिचं तोंड आणि कान यांची आपसात जुंपली. पद्माक्कांनी लावलेलं भजन अर्ध्या ओळीत तुटलं आणि कर्कश आवाजात कानडी रेडिओ सुरू झाला. तंबाखूवरच्या किडीचा बंदोबस्त. बटण दाबलं तर आवाज वाढायचा.

"काय म्हणतोय त्यो?" पद्माक्कांनी कानावर हात ठेवून विचारलं.

"औषध मारा म्हणतोय."

"कुणाला?"

त्या दिवशी कोल्हापुरात पोचले तेव्हा पद्माक्कांचा नंबर गेला होता. शेवटी अर्धाच वेळ मशीन मिळालं. येताना त्यांच्या पायात चप्पल चढेना.

कंपनीला फोन झाले. पलीकडे एक गोड आवाज. माणसाचा की यंत्राचा, कळायला मार्ग नव्हता.

"आमच्या यंत्रणेनुसार आपल्या चाकांत हवा कमी आहे."

"अवो, मी मापली. तीनदा मापली!"

"आपली भावना आम्ही समजू शकतो. परंतु यंत्रणेनुसार हवा कमी आहे. ओळख बदलण्यासाठी यंत्रणेने ओळख चुकल्याचं मान्य करावं लागतं."

"आणि ती मान्य कधी करणार?"

"ती स्वतःला तपासते. आत्ताच तपासलं. चूक नाही."

फोन ठेवून भूपालराव ओट्यावर बसले. समोरून कुंडलिक चरवी घेऊन निघाला होता. त्याने सगळं ऐकलं आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "आता मशीनच सांगतंय म्हटल्यावर तुमी तरी काय करणार, चिटणीस?"

गुरुवारी जिन्नाप्पाने गाडी दारात आणली. "दाजी, बसा. त्यात काय लाजायचं?" हे तो ओट्यावरून नव्हे, गल्लीच्या तोंडावरून म्हणाला. टपरीवर त्याने दाजींच्या नव्या गाडीचा किस्सा सांगितला, पुढच्या सोमवारी पुन्हा सांगितला, आणि दुसऱ्यांदा त्यात कानडी रेडिओची नक्कल घातली. भूपालरावांनी चहा अर्धा टाकला.

उलगडा झाला तो एका वरातीमुळे. भूपालराव गाडी नुसती फिरवून आणत होते, गाडी ठणाणा ओरडत होती, आणि वेशीजवळ वरात आडवी आली. कुंडलिकची हलगी खिडकीशी आली आणि गाडी गप्प झाली. हिरवी अक्षरं. 'चाकं ठीक आहेत.' भजन जिथे तुटलं होतं तिथून सुरू झालं. वरात पुढे गेली, गाडी परत ओरडली.

भूपालराव मूर्ख नव्हते. त्यांना कळलं, या बाईला आपण पहिल्या दिवशी जे शिकवलं तेच ती मागतेय. फुटती लिंबं आणि कडाडती हलगी मिळून झालेला जो उंच सूर, तो तिच्या लेखी धडधाकट चाकाचा सूर. नुसतं चाक तिला आजारी वाटणार. लिंबं जन्मभर चाकाखाली ठेवता येत नाहीत. हलगीने मात्र तिची समजूत पटतेय.

मग हलगी रेकॉर्ड करून गाडीतच लावली. उपयोग शून्य, कारण गाडी स्वतःच्या तोंडचा आवाज ऐकण्यातून वजा करते. नाहीतर प्रत्येक गाण्याला घाबरली असती. जिन्नाप्पाने मोठा बॉक्स आणून मागच्या सीटवर ठेवला. गावाबाहेर पडेपर्यंत चाललं. नंतर गाडी म्हणाली, "तोच आवाज पुन्हा पुन्हा येत आहे. ग्राह्य नाही." लबाडी पकडण्याची सोय होती ती. जिवंत हाताचे दोन ठोके कधी सारखे पडत नाहीत, आणि तिला तेच हवे होते.

जिन्नाप्पा म्हणाला, "दाजी, सोडा नाद. माझी गाडी काय कुठं जातीया?"

हिशेबात ही जागा लक्षात ठेवा. इथे भूपालरावांना वाट होती. मऊ गाद्यांची, फुकटची. ते उठले आणि कुंडलिकच्या घरी गेले.

"सोमवार आणि गुरुवार," ते म्हणाले. "जेवण, चहा, दिवसाचा रोजगार."

कुंडलिकने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "म्हंजे हलगी गाडीला ऐकवायची?"

"होय."

"गाडी दाद देती का?"

"हिरवी होते."

"मग माणसांपरास बरी," कुंडलिक म्हणाला.

अशी ती वरात सुरू झाली. सकाळी कुंडलिक उसाचा पाला पेटवून हलगी शेकायचा. कातडं ताणलं पाहिजे, सैल हलगीला गाडी भाव देत नसे. पुढे भूपालराव आणि डावीकडे कुंडलिक, मागे पद्माक्का उशी घेऊन आडव्या. रस्त्यावरची पोरं पळत यायची, कुणाचं लग्न म्हणून डोकावायची आणि आत एक पिवळी पडलेली बाई बघून थबकायची. लग्नसराईतल्या सोमवार-गुरुवारच्या तिथ्या कुंडलिकने सोडल्या. मोठ्या घरची दोन लग्नं दुसऱ्या ताफ्याला गेली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि भूपालरावांनी विचारलं नाही. जी गोष्ट विचारली की देणं लागतं, ती माणूस विचारत नाही.

जाताना ठीक होतं. येताना पद्माक्कांचं डोकं फुटायचं. "जाताना रक्त धुवायचं आन् येताना डोकं," त्या म्हणाल्या. ते ऐकून पुढच्या वेळेपासून कुंडलिकने काच खाली केली आणि डाव्या हाताने हलगीची कड धरून ती निम्मी बाहेर काढली. दाराच्या स्पीकरला ऐकू जाईल, वैनींच्या कानाला कमी लागेल. काडी त्याच हाताच्या दोन बोटांत. असं अवघडून तो दोन-दोन तास वाजवायचा.

"हात दुखत न्हाई का ओ?" पद्माक्का विचारायच्या.

"गाडी हिरवी दिसली की दुखायचं थांबतंय, वैनी." मग भूपालरावांकडे बघून, "काय चिटणीस, आज किती फॅट लागलं?"

भूपालराव पडद्याकडे बघून म्हणायचे, "चोख."

"एवढं म्हशीला लागलं असतं तर!"

तिघंही हसायचे. खरं सांगायचं तर त्या गाडीत इतकी वर्षं न झालेलं काहीतरी होत होतं. पद्माक्कांनी डब्यात तिसरी भाकरी बांधायला सुरुवात केली होती. टपरीवर भूपालराव स्वतः उतरून कुंडलिकला चहा आणून द्यायचे. वार चुकत नव्हता, पायांची सूज उतरली होती. जिन्नाप्पा गल्लीत गप्प होता. जमेचे तिन्ही फायदे वसूल झाले होते.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, तवंदीच्या घाटात, गाडी उतरणीला लागली आणि हलगी वाजत असतानाच म्हणाली, "डाव्या मागच्या चाकात हवा कमी आहे."

एकच चाक. आजवर ती चारही म्हणायची. पण भूपालरावांनी हा फरक ऐकला नाही. त्यांना फक्त लाल अक्षरं दिसली.

"कुंडलिक, हलगी सैल पडली काय? गारठा हाय."

"सकाळी चांगली शेकलीया."

"जरा जोरात घे."

कुंडलिकने जोरात घेतलं. लाल अक्षरं लुकलुकली आणि हिरवी झाली.

पद्माक्का मागून म्हणाल्या, "आवो, माझ्या अंगाखाली बसल्यागत वाटतंय. गाडी डावीकडं ओढतीया."

"ठीक हाय."

"थांबवून बगा की एकदा. उतरून बगा."

"थांबलो तर नंबर जाईल. तुझ्याच पायाला सूज येईल." आणि त्यांनी पडद्याकडे बोट केलं. जुन्या सवयीचं बोट. "मशीन सांगतंय ठीक हाय म्हणून."

वळणावर अक्षरं पुन्हा लाल झाली. "अजून जोरात," भूपालराव म्हणाले. चाकातला सूर उतरत होता, आणि जेवढा उतरत होता तेवढा कुंडलिकचा हात चढवून देत होता. गावाकडच्या रस्त्यावर घुसलेल्या एका बाभळीच्या काट्याने केलेलं काम त्या कलावंताने आपल्या कलेने झाकून टाकलं. त्या दिवसासारखा तो कधी वाजला नाही, असं पद्माक्का अजून सांगतात.

टायर रिंगमधून निसटला. गाडी डाव्या अंगाने कठड्याला घासत, दगड उडवत गेली आणि तिरकी होऊन थांबली.

पहिला आवाज गाडीचाच. "चाकं ठीक आहेत."

खिडकीबाहेर हलगीची रिंग चेपून पानासारखी झाली होती. कुंडलिकचा हात तिच्यासकट दार आणि कठड्याच्या मध्ये होता. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "चिटणीस, गाडी जरा उजवीकडं घ्या." भूपालरावांनी बटण दाबलं. गाडी म्हणाली, अपघाताची नोंद होईपर्यंत वाहन हलवता येणार नाही. त्यांनी दार ढकललं, स्टिअरिंग फिरवलं, पडद्यावर मुठी मारल्या. कानडी रेडिओ लागला. कुणीतरी शेतकऱ्यांना हवामान सांगत होतं, आकाश निरभ्र राहील. आवाज कमी होईना. पद्माक्कांनी मागून हात लांबवून कुंडलिकचा खांदा धरला, आणि भूपालराव, ज्यांनी तीस वर्षं यंत्राचं म्हणणं लोकांना ऐकवलं होतं, ते एका यंत्राला हात जोडून म्हणत होते, "अगं बाई, एक वीतभर हल. एक वीतभर."

मागून आलेल्या ट्रकवाल्यांनी पहारीने गाडी सरकवली. जिन्नाप्पाला फोन केला तो पद्माक्कांनी. तो आला, कुंडलिक आणि पद्माक्का दोघांना आपल्या गाडीत घातलं, भूपालरावांना मागे बसवलं. मऊ गाद्यांवर रक्त सांडलं, त्याबद्दल अवाक्षर नाही. संकेश्वरची टपरी तर मागेच राहिली होती, पण निपाणीच्या टपरीपाशीही त्याने वेग कमी केला नाही. मला वाटतं, आयुष्यातला तो त्याचा पहिला उपकार, जो त्याने कुणाला सांगितला नाही.

कोल्हापुरात पद्माक्का वरच्या मजल्यावर मशीनला लागल्या आणि कुंडलिक खालच्या मजल्यावर टेबलावर. संध्याकाळी त्याला शुद्ध आली तेव्हा भूपालराव उशाशी होते.

"कुंडलिक, ते ठीक सांगत होतं रे."

कुंडलिकने पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. "सांगणारच की," तो म्हणाला. "म्हशीच्या वक्तालाबी सांगतच हुतं."

कंपनीच्या यंत्रणेने अपघात तपासला. चाकं शेवटपर्यंत ठीक होती, दोष चालकाचा. पण गाडीत बाहेरचा आवाज सापडल्यामुळे ओळख चुकीची असण्याची शक्यता तिने मान्य केली. इतक्या फोनांनी जे झालं नाही ते झालं. कुलूप उघडलं. चार नवी चाकं, नवी ओळखफेरी.

दुरुस्त झालेली गाडी घेऊन पुन्हा ट्रक आला. तीच मुलगी, तीच पाटी. या वेळी कुणी लिंबू आणलं नव्हतं. "शांतता ठेवायची हं," ती म्हणाली, आणि तिला ते सांगावंही लागलं नाही. जिन्नाप्पा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत उभा होता. गल्ली ओट्यांवर बसली होती. कुंडलिक आपल्या दारात होता, उजव्या हातात टिपरू. डाव्या हाताची काडी धरणारी बोटं आता नव्हती. हलगी दुरुस्त करून कुणी आणून दिली असती, पण नुसतं टिपरू बोलून काय उपयोग, हुंकार कोण भरणार?

आता ताडून बघू. कंपनीला सूचना मिळाली, पुढच्या गाड्या हलगी ओळखतील. गाडी दुरुस्त होईपर्यंत जिन्नाप्पाला त्याची आक्का सोमवार-गुरुवारी परत मिळाली, पण या खेपेला तो गाडी द्यायचा आणि टपरीवर बोलायचा नाही, म्हणजे त्याचंही काही गेलंच. पद्माक्कांचा वार चुकत नाही. डब्यात त्या अजूनही तिसरी भाकरी बांधतात आणि ती परत येते. भूपालरावांना गाडी मिळाली, खरीखुरी, ऐकणारी, न ओरडणारी.

गाडी शंभर पावलं चालली. रस्त्यावर चाकांखेरीज कशाचाही आवाज नव्हता. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'ओळख पूर्ण झाली,' आणि ती मुलगी खूश होऊन म्हणाली, "बघा, एवढी शांतता मिळाली की काम कसं नीट होतं."

ती शांतता कुणाच्या खात्यातून गेली, ते तिला कुणी सांगितलं नाही. कुंडलिक उठून म्हशीला पाणी दाखवायला आत गेला.